जुने नौदली चामडी जॅकेट: ओळख पटवणे आणि दुरुस्ती यांबाबत सल्ला हवा

समुद्रकाठ (प्रश्न)

नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही सॅन डिएगो येथे राहतो. येथील जुन्या कपड्यांच्या एका दुकानात मला गडद तपकिरी रंगाचे एक चामडी जॅकेट मिळाले. त्याची नेमकी ओळख पटवणे आणि त्याला आणखी इजा न होऊ देता ते अंगावर घालण्याजोगे करणे, या दोन्ही बाबतींत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

वर्णन शक्य तितके नेमके देते. कॉलर दाट, आखूड केसांची आहे. पुढे धातूची चेन आहे आणि चेनच्या आतल्या बाजूला चामड्याची जी उभी पट्टी येते, तिच्यावर बारीक छिद्रे पाडून यू, एस, एन ही अक्षरे काढलेली आहेत. दोन्ही खिशांना बटणाची झाकणे आहेत. पाठीवर खांद्यांच्या मागे दोन उभ्या चुण्या आहेत, त्यामुळे हात पुढे नेताना पाठ ताणली जात नाही. मनगटाच्या आणि कमरेच्या पट्ट्या विणलेल्या लोकरीच्या असून त्या जागोजागी कसरीने खाल्ल्या आहेत. डाव्या छातीवर एका लहान आयताच्या आकारात टाक्यांची छिद्रे दिसतात आणि उजव्या छातीवर साधारण तळहाताएवढा गोल भाग आजूबाजूच्या चामड्यापेक्षा गडद राहिला आहे.

मानेखालच्या कापडी लेबलावरची छपाई बरीच पुसली आहे. ‘एमआयएल-जे-७८२३’ एवढे वाचता येते, त्यापुढचे अक्षर गेले आहे. त्याखालच्या ओळीत ‘डीएसए’ ही अक्षरे आणि काही आकडे असावेत असे वाटते. दुकानदाराच्या मते हे जॅकेट दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकाचे आहे.

दुरुस्तीच्या बाजूने पाहिले तर चेनचा रनर वर जातो, पण मागून दाते उघडतात. उजव्या काखेपाशी अस्तर फाटले आहे. कोपरांवर आणि पाठीच्या वरच्या भागावर पांढुरका थर आला आहे. तो बुरशीचा आहे की आणखी कशाचा, हे मला सांगता येत नाही, म्हणून त्याला अजून हात लावलेला नाही. पुढील वर्षी आम्ही कायमचे पुण्याला परतणार आहोत, त्यामुळे पावसाळ्यात हे जॅकेट कसे टिकवावे हाही प्रश्न आहेच. वस्तू मला अतिशय आवडली आहे. ती चकचकीत नवी दिसावी अशी माझी मुळीच अपेक्षा नाही.

जीर्णवस्त्र

समुद्रकाठ, तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हे अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांचे ‘जी-१’ जातीचे जॅकेट, किंवा त्याची नागरी नक्कल, या दोहोंपैकी एक आहे. केसाळ कॉलर, बटणाचे खिसे आणि पाठीवरच्या चुण्या या तिन्ही खुणा जी-१ च्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या हवाई दलाने वापरलेले ‘ए-२’ हे जॅकेट वेगळे असते: त्याची कॉलर साध्या चामड्याची असून तिची टोके दाब-बटणांनी खाली बसतात, आणि पाठ सलग एका तुकड्याची असते. दुकानांमध्ये या दोहोंची सर्रास गल्लत होते.

महायुद्धाचा दावा मात्र तुमच्या लेबलावरच निकालात निघतो, कारण ‘डीएसए’ म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याची पुरवठा संस्था मुळात १९६१ मध्ये स्थापन झाली, आणि १ जानेवारी १९७७ पासून तिचे नाव बदलून त्याचे लघुरूप ‘डीएलए’ झाले. म्हणजे ही तीन अक्षरे खरोखरच डीएसए असतील, तर जॅकेटाचे कंत्राट या दोन मर्यादांच्या मध्येच कुठेतरी पडते. युद्धकाळात नौदलाचे असेच दिसणारे जॅकेट होते, परंतु त्याच्या लेबलावर तपशीलपत्रकाचे (जॅकेट कसे शिवायचे ते ठरवणाऱ्या सरकारी पत्रकाचे) ‘एम-४२२ए’ किंवा ‘एएन-जे-३ए’ असे क्रमांक असत. ७८२३ ही मालिका युद्धानंतरची आहे.

आता त्या ओळीतले आकडे वाचण्याचा प्रयत्न करावा. खोलीत अंधार करून लेबलाच्या अगदी कडेने, जवळजवळ कापडाला समांतर असा टॉर्चचा झोत टाका आणि कोन बदलत बदलत फोनने छायाचित्रे काढा. शाई उडाली तरी छपाईच्या ठशाने धागे किंचित दबलेले असतात आणि तिरप्या उजेडात ते उमटून दिसतात. लेबल ओले करू नका, घासू नका. कंत्राट क्रमांकाची रचना साधारणपणे ‘डीएसए १००’, मग दोन आकडे, मग ‘सी’ हे अक्षर आणि शेवटी कंत्राटाचा अनुक्रमांक अशी असते. मधले दोन आकडे हे आर्थिक वर्ष असते. त्या काळी अमेरिकेचे सरकारी आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असे होते (१९७६ पासून ते १ ऑक्टोबरला सुरू होऊ लागले), म्हणून ‘७०’ असे असल्यास १ जुलै १९६९ ते ३० जून १९७० हा काळ धरावा. कंत्राट झाल्यावर प्रत्यक्ष शिलाई आणि वाटप व्हायला आणखी काही महिने जात, हेही लक्षात असू द्या.

दुसरा पुरावा म्हणजे साठा क्रमांक, म्हणजे सरकारी मालसाठ्यात त्या वस्तूला दिलेला क्रमांक. तो ‘८४१५’ने सुरू होतो. सप्टेंबर १९७४ पर्यंत हा क्रमांक एकूण ११ अंकी होता. त्यानंतर देशाचे दोन अंक मध्ये घालून तो १३ अंकी झाला, म्हणून नंतरच्या लेबलांवर ८४१५ नंतर लगेच ‘००’ येते. ७८२३ नंतरच्या अक्षरापुढे कधी कधी कंसात संक्षेप असतो: ‘एईआर’, ‘डब्ल्यूईपी’ किंवा ‘एएस’. ही नौदलाच्या त्या त्या वेळच्या कार्यालयांची चिन्हे आहेत. पहिले कार्यालय १९५९ मध्ये दुसऱ्यात विलीन झाले आणि दुसऱ्याची जागा १९६६ मध्ये तिसऱ्याने घेतली. मात्र यावरून तपशीलपत्रक कधी लिहिले गेले तेवढेच कळते. जुन्या पत्रकाबरहुकूम पुढेही जॅकेटे शिवली जात असत, म्हणून वयाच्या बाबतीत कंत्राट क्रमांकाचे म्हणणे अंतिम मानावे.

यू-एस-एन या छिद्रांच्या अक्षरांवर मी फारसा भर देणार नाही. १९८० च्या दशकात या धाटणीला मोठी मागणी आली आणि नागरी उत्पादकांनी ही अक्षरेसुद्धा उचलली. ‘जी-१’ हे नावही नागरी लेबलांवर आढळते. पूर्ण कंत्राट क्रमांक, साठा क्रमांक, चामडे, कॉलर आणि चेन हे सगळे एकमेकांशी जुळते का, हे पाहावे लागते.

कॉलरीचे केस दोन बोटांनी विंचरून बाजूला करा आणि तळाशी काय दिसते ते भिंगातून पाहा. मेंढीची खरी लोकर असेल तर केस थेट कातडीतून उगवलेले दिसतात. कृत्रिम असेल तर विणलेली जाळी दिसते. शंका राहिल्यास गळून पडलेला एखादाच केस चिमट्यात धरून पेटवा: लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, तर कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. या मालिकेत उत्तरकाळात शेळीच्या चामड्याऐवजी गाईचे चामडे आणि खऱ्या लोकरीऐवजी कृत्रिम कॉलर आली, म्हणून हे दोन तपास महत्त्वाचे आहेत. चेनच्या रनरवर टॅलन, कॉनमार, स्कोव्हिल अशांपैकी कोणते नाव आहे तेही कळवा, परंतु चेन बदललेली असू शकते. टाक्यांच्या चालू ओळीशेजारी रिकाम्या छिद्रांची दुसरी ओळ दिसली, तर ती नक्कीच बदललेली आहे.

एक कळकळीची विनंती. आतल्या बाजूला, खिशात किंवा लेबलावर शाईने लिहिलेले कोणाचे नाव सापडले, तर ते येथे उघडपणे लिहू नका. ती व्यक्ती किंवा तिचे कुटुंबीय हयात असू शकतात. पेन्साकोला येथील नौदल विमान संग्रहालय किंवा तुमच्याच गावातील बाल्बोआ पार्कमधील हवाई व अंतराळ संग्रहालय यांच्याकडे पत्राने विचारणा करता येईल. सॅन डिएगोत अशी जॅकेटे निघणे स्वाभाविक आहे, कारण नॉर्थ आयलंडचा तळ आजही नौदलाकडे आहे आणि मिरामारचा तळ १९९७ मध्ये मरीन कोअरकडे जाईपर्यंत नौदलाच्या लढाऊ विमानांचा होता.

कोकणकडा

ओळखीबद्दल मला काही सांगता येणार नाही, पण कोरड्या चामड्यावर आमच्या घरी पूर्वापार खोबरेल तेलाचा हात फिरवतात. चपला, जुन्या पेट्यांचे पट्टे, इतकेच काय तबल्याची वादीसुद्धा त्याने मऊ राहते. पांढुरका थर कोरड्या फडक्याने पुसून, कोमट खोबरेल पातळसर लावून जॅकेट एक रात्र ठेवून पाहावे.

रापी

माझा व्यवसाय धारावीत चामड्याच्या कपड्यांचा आणि पिशव्यांचा आहे. कोकणकडा यांचा अनुभव चपलेच्या आणि वादीच्या बाबतीत मान्य करूनही, या जॅकेटाला खोबरेल लावू नये असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते, आणि त्याची कारणेही देतो.

आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. ते उघडे असते, तेल पिते आणि रोजच्या वापरात ते तेल जिरूनही जाते. जॅकेटाच्या चामड्यावर मात्र रंगाचा आणि लॅकरचा थर दिलेला असतो. तेल त्या थरातून सारखे आत जात नाही. जिथे थर झिजला आहे तिथे ते शिरते आणि काळे डाग पडतात. ते शिवणीच्या छिद्रांतून आत उतरते, दोरा आणि अस्तर तेलकट होते, धूळ धरते आणि कालांतराने खवट होऊन चामडे उलट ताठर होते. शिवाय खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, त्यामुळे थंडीत ते पांढरे होऊन वर बसते. पांढऱ्या थराची तक्रार असलेल्या वस्तूला हे औषध चालणार नाही. परदेशी दुकानांत मिळणारे गुरांच्या पायांचे तेल किंवा लॅनोलिनचे (मेंढीच्या लोकरीतील मेणाचे) मलम यांनाही बहुतांशी हेच लागू पडते. संग्रहालयांतसुद्धा एके काळी पुस्तकांच्या चामडी बांधणीला लॅनोलिन, देवदाराचे तेल आणि मेण यांचे मिश्रण नियमाने लावत. त्याचे दुष्परिणाम दिसल्यावर ती पद्धत मागे पडली.

आधी पांढुरक्या थराची परीक्षा करा. चामड्यातील जुनी चरबी हळूहळू पृष्ठभागावर येऊन तिचे बारीक स्फटिक होतात आणि ते हुबेहूब बुरशीसारखे दिसतात. केस वाळवण्याचे यंत्र सर्वांत मंद उष्णतेवर, हातभर अंतरावरून थोडा वेळ धरा. थर विरघळल्यासारखा नाहीसा झाला तर ती चरबी आहे. तसाच राहिला, भिंगातून तंतू किंवा ठिपके दिसले आणि कुबट वास आला, तर बुरशी आहे. चरबी असल्यास मऊ सुती फडक्याने टिपून घ्यावी, एवढेच. बुरशी असल्यास जॅकेट घराबाहेर सावलीत नेऊन, तोंडाला चांगला मास्क लावून, मऊ ब्रशने झटकावे, आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जाळीचे कापड बांधून कमी जोरावर धूळ ओढून घ्यावी. व्हिनेगर लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो देणार नाही, कारण त्याने रंग सुटू शकतो.

चामडे कोणाचे, हे दहापट भिंगाने पाहिल्यास बहुधा कळते. शेळीच्या चामड्यावर उंचसखल दाणा असतो आणि केसांची छिद्रे दोन-तीन-चारच्या लहान ओळींनी, किंचित वाकड्या रांगांत येतात. गाईच्या चामड्यावर ती एकेकटी, सगळीकडे सारखी पसरलेली असतात आणि पृष्ठभाग सपाट भासतो. ठसा उठवून केलेला खोटा दाणा ओळखायचा तर तोच आकृतिबंध ठरावीक अंतराने पुन्हा येतो का ते पाहा. खऱ्या दाण्यात पाठीचा भाग घट्ट आणि पोटाकडचा भाग सैल, सुरकुतलेला असतो. बाही, पाठ, खिसा असे प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्रपणे पाहावे.

सफाईची सुरुवात कोरड्या ब्रशनेच करावी. नंतर कॉलरीखाली, जिथे कोणाला दिसणार नाही अशा जागी, शुद्ध केलेल्या पाण्यात किंचित भिजवलेला कापसाचा बोळा फिरवून रंग सुटतो का ते पाहावे. पाण्याचा थेंब लगेच आत जिरला तर तिथला थर गेलेला आहे असे समजून त्या जागी ओल वापरू नये. चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते आणि अंगाचा किंवा कपड्यांचा साबण अल्कधर्मी, त्यामुळे साबणाने चामड्याची आतली घडण बिघडते. खोगीर धुण्याचा जो साबण प्रसिद्ध आहे, तोही याच गटातला. अगदीच मळ असेल तर उदासीन (आम्लधर्मीही नाही, अल्कधर्मीही नाही अशा), बिनरंगी, बिनवासाच्या धुण्याच्या द्रवाचे एक-दोन थेंब वाटीभर पाण्यात घालून, पिळून घेतलेल्या फडक्याने एकेक छोटा भाग पुसावा आणि लगेच कोरडा करावा. स्पिरिट किंवा नखपॉलिश काढण्याचे द्रव यांच्याजवळही जाऊ नये. जुने लॅकर त्यात विरघळते.

एका गोष्टीने मात्र काम थांबवावे. बोट फिरवल्यावर लालसर भुकटी निघत असेल, तर चामड्याचे तंतूच आम्लाने कुजले आहेत. ते पूर्ववत करण्याचा उपाय नाही, आणि असे जॅकेट अंगावर घालू नये. साल-हिरड्याने कमावलेल्या जुन्या चामड्यात हे अधिक आढळते, पण खिशाच्या झाकणांच्या कडा आणि कॉलरीची घडी एकदा तपासून घ्या.

समुद्रकाठ

जीर्णवस्त्र आणि रापी, तुमच्या सविस्तर उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपास केला. त्यातून हाती आलेले असे:

तिरप्या उजेडात कंत्राटाची ओळ दिसली. ‘डीएसए १००-६८-सी-’ एवढे निःसंशय वाचता येते, पुढचे चारही अंक संदिग्ध आहेत. साठा क्रमांक ‘८४१५’ने सुरू होतो आणि त्यानंतर ‘००’ नाही. कॉलरीचे केस कातडीतूनच निघालेले आहेत, खाली जाळी नाही. ही कातडी घडीच्या रेषेवर कोरडी झाली असून तिथे दोन बोटांएवढ्या जागी केस गळले आहेत. बाह्या, पाठ आणि खिसे या सर्व ठिकाणी छिद्रे लहान ओळींनीच आहेत. चेनवर टॅलनचे नाव आहे आणि टाक्यांची एकच ओळ दिसते.

मंद उष्णतेने कोपरांवरचा पांढुरका थर नाहीसा झाला, म्हणजे तिथे चरबी होती. पाठीवरचा थर गेला नाही आणि त्याला कुबट वास आहे. लाल भुकटी कुठेही निघाली नाही. दाब-बटणे नसली तरी चेनच्या खालच्या टोकाशी, जिथे पितळ चामड्याला टेकते, तिथे हिरवा चिकट थर साचला आहे. आतल्या खिशाच्या कडेवर शाईने आडनावाची अक्षरे आहेत. ती येथे देत नाही.

आता छातीवरची छिद्रे बुजवावीत का, विणलेल्या पट्ट्या कुठून आणाव्यात आणि चेन बदलावी का, हे प्रश्न उरतात.

जीर्णवस्त्र

सगळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात, हे पाहून फार आनंद झाला. आर्थिक वर्ष ६८ म्हणजे १ जुलै १९६७ ते ३० जून १९६८. जुना ११ अंकी साठा क्रमांक, शेळीचे चामडे, खऱ्या लोकरीची कॉलर आणि मूळची दिसणारी चेन हे सर्व त्याच्याशी सुसंगत आहे. हे व्हिएतनाम युद्धाच्या काळातील सरकारी पुरवठ्याचे जी-१ जॅकेट आहे, असे तुम्ही निःशंकपणे म्हणू शकता. ७८२३ पुढचे अक्षर वाचता येत नसेल, तर तिथे अंदाजाने अक्षर लिहू नये. नोंदीत ‘अवाच्य’ असेच लिहावे.

छातीवरची छिद्रे आणि तो गडद गोल मुळीच बुजवू नका. डाव्या छातीवर नावाची पट्टी असे आणि उजव्या बाजूला बहुधा तुकडीचे बोधचिन्ह. ज्या चामड्यावर वर्षानुवर्षे उजेड पडला नाही, ते आपला मूळ रंग धरून राहिले. या जॅकेटावर कोणी काय मिरवले होते याची एवढीच खूण उरली आहे, आणि रंगाचा एक हात दिला की ती कायमची जाईल. त्याच कारणाने पूर्ण जॅकेट नव्याने रंगवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो नम्रपणे नाकारावा. नवे बोधचिन्ह विकत घेऊन त्या जागी शिवणे तर टाळावेच. नुसत्या आकारावरून तुकडी ओळखता येत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी सर्व बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे काढून ठेवा.

सुईदोरा

मी शिलाई आणि विणकाम या बाजूने लिहिते. जुन्या कपड्यांची दुरुस्ती करताना मूळ भाग जितका राखता येईल तितका राखावा, असे माझे मत आहे, आणि या जॅकेटात पुष्कळ काही राखता येण्यासारखे आहे.

चेनपासून सुरुवात करू. रनर मागून दाते उघडे सोडतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा दात्यांत नसून रनरमध्ये असतो. वापराने त्याचे दोन जबडे फाकतात आणि दाते एकमेकांत नीट दाबले जात नाहीत. दाते सरळ असतील आणि एकही गळलेला नसेल, तर रनरच्या दोन्ही बाजू पकडीने अगदी किंचित, आळीपाळीने दाबून पाहाव्यात. पकडीच्या तोंडाला चामड्याचा तुकडा लावावा, म्हणजे धातूवर वण उठत नाहीत. तेवढ्याने भागले नाही, तर त्याच मापाचा जुना टॅलन रनर शोधावा आणि मूळ रनर पिशवीत जपून ठेवावा. पूर्ण चेन बदलणे हा शेवटचा उपाय, कारण त्यासाठी पुढची संपूर्ण शिवण उसवावी लागते आणि चामड्यात एकदा पडलेले छिद्र कापडासारखे मिटत नाही. दात्यांवर शिसपेन्सिलीचे टोक फिरवले की रनर हलका चालतो. हिरवा थर म्हणजे पितळ आणि चामड्यातली चरबी यांच्या संयोगाने झालेला मेणचट पदार्थ. तो लाकडी दातकोरणीने उचलून काढावा, पाण्याने घासू नये, नाहीतर हिरवा डाग चामड्यात उतरतो.

विणलेल्या पट्ट्यांची छिद्रे किती मोठी आहेत, यावर निर्णय अवलंबून आहे. मसुरीच्या दाण्याएवढी असतील तर रफू करावा. पुण्यात आणि मुंबईत अजूनही चांगले रफूगार आहेत आणि लोकरीच्या विणीचा रफू ते असा करतात की हाताला लागला तरच कळावा. त्यासाठी रंग जुळणारी शुद्ध लोकर तुम्ही तिकडूनच घेऊन या. कफ मात्र पार विरले असतील, तर अमेरिकेत या जॅकेटांसाठी तयार लोकरी पट्ट्या विकणारे आहेत. किंवा बारीक सुयांवर एक सुलट-एक उलट अशी घट्ट वीण स्वतः घालता येते. कृत्रिम ताणाच्या बाजारी पट्ट्या लावू नयेत. त्या चामड्याच्या मानाने फार जोरात आवळतात आणि कमरेच्या शिवणीवर चुण्या पडून तिथेच चामडे फाटू लागते. पट्टी जोडताना यंत्राखाली नवी टीप न मारता, जुन्याच छिद्रांतून हाताने, दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी टाके घ्यावेत. नवी छिद्रे जुन्यांच्या शेजारी पडली की ती सगळी ओळ कातरल्यासारखी सुटून येते, हे अनेक दुरुस्त्यांत पाहायला मिळते.

काखेतले अस्तर पूर्ण बदलण्याची गरज नाही. फाटलेल्या जागेमागे त्याच रंगाचे पातळ रेशमी किंवा रेयॉनचे कापड सरकवून, बारीक सुईने फाटीच्या दोन्ही कडा त्यावर टाचाव्यात. अस्तर बदलणारा कारागीर मानेजवळचे लेबल सहज उसवून बाजूला टाकतो, आणि मग ओळखीचा सगळा आधारच निघून जातो. पुढे कधी अस्तर बदलावे लागलेच, तर लेबल त्याच्या खालच्या कापडासकट कापून पुन्हा त्याच जागी बसवून घ्यावे.

रापी

सुईदोरा यांनी टाक्यांबद्दल लिहिलेले प्रत्येक वाक्य मी आमच्या कारागिरांना वाचून दाखवणार आहे. मी फक्त कॉलर आणि पावसाळा यांबद्दल भर घालतो.

कॉलरीची कातडी घडीवर कोरडी झाली आहे, म्हणून कॉलर उलटसुलट वाकवणे टाळा आणि ती ड्रायक्लीनला देऊ नका. तिथली द्रव्ये उरलीसुरली चरबीही ओढून घेतात. केस गळलेल्या जागी कातडी चिरत असेल, तर मागून आधार द्यावा लागेल: शेळीचे पातळ चामडे रापीने (चामडे तासण्याच्या हत्याराने) कडेला कागदासारखे तासून, पाण्यात मिसळणाऱ्या लवचिक ॲक्रिलिक गोंदाने चिकटवावे. चपलांच्या कामात वापरतात ते पिवळे सोल्यूशन काही वर्षांत तपकिरी आणि ठिसूळ होते, म्हणून ते नको. शेळीचे पातळ चामडे धारावीत सहज मिळते. पुण्यात आल्यावर हे काम करून घेणे सोपे जाईल.

निघण्यापूर्वी कसरीचा बंदोबस्त करा. कसर विणलेल्या पट्ट्यांतून खऱ्या लोकरीच्या कॉलरीत गेली, तर नुकसान भरून येणार नाही. आधी पाठीवरची बुरशी सांगितल्याप्रमाणे झटकून जॅकेट पूर्ण कोरडे होऊ द्यावे. मग ते सुती कापडात गुंडाळून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावे आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंश सेल्सिअसवर, दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरते, चामड्यावर नाही. डांबराच्या गोळ्या या जॅकेटाजवळ ठेवू नका. त्यांचा वास चामड्यातून वर्षानुवर्षे जात नाही.

हवेतील आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती सहज त्याच्या वर असते. जॅकेट रुंद, गोलसर खांद्यांच्या हँगरवर, सुती खोळीत, भिंतीला न टेकवता टांगावे. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट ओल धरते, म्हणून आतल्या भिंतीचे कपाट निवडावे. कपाटात आर्द्रता दाखवणारे छोटे मापक आणि सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात, आणि जेलचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापराव्यात. पाऊस लागून राहिला असेल त्या दिवसांत दर आठवड्याला जॅकेट बाहेर काढून पंख्याखाली तासभर ठेवावे. पाठीवरच्या ज्या भागावर एकदा बुरशी आली आहे, तो भाग त्या वेळी भिंगातून पाहावा, कारण ती परत आलीच तर आधी तिथेच येईल.